विश्लेषण : हॉटेलातला एक फोन ते गावोगावची बैठक… ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चे बिल विल्सन कोण होते?

दारू सोडू इच्छिणाऱ्याला आपल्या भागातली ‘एए’ची बैठक आज एका फोनवर सापडू शकते. चर्चमधली खोली, शाळेचा रिकामा वर्ग किंवा एखादे समाजमंदिर, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. फी नाही, पूर्ण नाव सांगण्याची सक्ती नाही. ही व्यवस्था सरकारने उभी केलेली नाही की कोणत्या रुग्णालयानेही नाही. तिचा उगम १९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका हॉटेलात एकटाच उभ्या असलेल्या माणसापाशी जातो. धंद्यातला मोठा डाव हरलेला, खिशात दहाएक डॉलर आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. त्याला त्या अनोळखी शहरात डॉक्टर नको होता, तर आपल्यासारखाच एखादा दारुडा हवा होता. त्या शोधाची आणि तो करणाऱ्या बिल विल्सन यांच्या आयुष्याची ही माहिती.

बिल विल्सन यांचे बालपण कसे होते?

विल्यम ग्रिफिथ विल्सन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट डॉर्सेट या छोट्या गावात झाला. आजीचे तेथे हॉटेल होते. बिल यांचा जन्म त्याच हॉटेलात, बारच्या मागच्या खोलीत झाला, हा योगायोग त्यांच्या चरित्रकारांनी आवडीने सांगितला आहे. वडिलांकडचे आजोबा पिणारे होते. गावाजवळच्या डोंगरावर त्यांना एकदा काही धार्मिक अनुभव आला आणि त्यानंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही, अशी हकीकत घरात सांगितली जाई.

बिल दहा-अकरा वर्षांचे असताना आईवडिलांचा संसार मोडला. वडील कामासाठी दूर कॅनडात निघून गेले, आई वैद्यकीय शिक्षणासाठी बॉस्टनला गेली. बिल आणि धाकटी बहीण डोरोथी यांना आईच्या आईवडिलांनी वाढवले. या आजोबांनी एकदा सहज म्हटले की, बूमरँग फक्त ऑस्ट्रेलियातल्या लोकांनाच बनवता येते. बिल यांनी ते मनावर घेतले आणि सुमारे सहा महिने लाकूड तासत, फेकून पाहत परत येणारे बूमरँग तयार केले. पहिला नंबर मिळालाच पाहिजे ही ईर्षा पुढे शेअर बाजारात उपयोगी पडली आणि पिण्यातही.

१९१२ साली शाळेतली मैत्रीण बर्था बॅमफर्ड हिचा शस्त्रक्रियेनंतर अचानक मृत्यू झाला. सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा हा मुलगा त्यानंतर नैराश्यात गेला. अशी नैराश्याची आवर्तने त्यांना जन्मभर येत राहिली. दारू सुटल्यावरही ती थांबली नाहीत, हे महत्त्वाचे, कारण दारू सुटली की सगळे सुटते असा अनेक घरांचा समज असतो.

दारू कधी सुरू झाली?

पहिल्या महायुद्धाच्या काळात विल्सन तोफखान्यात अधिकारी होते. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्डजवळ छावणी होती आणि तिथल्या श्रीमंत घरांत तरुण अधिकाऱ्यांना मेजवानीची आमंत्रणे येत. अशाच एका मेजवानीत १९१७ साली त्यांच्या हातात ‘ब्राँक्स कॉकटेल’ आले. जिन, वर्मूथ आणि संत्र्याचा रस असे हे मिश्रण. तोपर्यंत चारचौघांत अवघडणारा, बोलायला बिचकणारा हा उंच, काटकुळा तरुण एकदम मोकळा झाला. आपण या लोकांतलेच आहोत असे त्याला प्रथमच वाटले. पिणाऱ्या असंख्य माणसांच्या हकिकतीत हाच क्षण येतो. त्रास नंतरचा असतो, सुरुवातीला दारू खरोखरच काहीतरी देते आणि म्हणूनच ती सुटायला जड जाते.

२४ जानेवारी १९१८ रोजी त्यांचे लोइस बर्नहॅम यांच्याशी लग्न झाले. फ्रान्सहून परतल्यावर त्यांनी रात्रीच्या वर्गात कायद्याचा अभ्यास केला, पण पदवी हाती आली नाही. १९२५ मध्ये नवराबायको साइडकार लावलेल्या मोटरसायकलवरून अमेरिकेच्या पूर्व भागात फिरले. रात्री तंबूत मुक्काम, दिवसा कारखान्यांची पाहणी. कंपनीच्या शेअरमध्ये पैसे घालण्याआधी ती कंपनी प्रत्यक्ष जाऊन पाहावी, ही तेव्हा नवी कल्पना होती. वॉल स्ट्रीटवरच्या दलालांना त्यांचे अहवाल आवडले आणि पैसा येऊ लागला. त्याबरोबर दारूही वाढली.

ही सगळी वर्षे अमेरिकेतल्या दारूबंदीची आहेत. १९२० ते १९३३ या काळात दारू विकणे बेकायदा होते आणि विल्सन यांच्या पिण्याची चढती कमानही नेमकी याच काळातली. कायद्याने दुकान बंद होते, माणसाची तहान बंद होत नाही, याचे हे ढळढळीत उदाहरण.

१९२९ च्या शेअर बाजारातल्या पडझडीने सगळे गेले. दोघे ब्रुकलिनमध्ये लोइस यांच्या वडिलांच्या क्लिंटन स्ट्रीटवरील घरात राहायला आले. लोइस मेसीज या मोठ्या दुकानात नोकरी करू लागल्या. घर त्यांच्या पगारावर चालले आणि त्याच पगारातले पैसे पर्समधून उचलून बिल दारू आणू लागले. तीनदा गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्यानंतर मूल होण्याची आशा संपली होती. मूल दत्तक घेण्याचा प्रयत्नही फसला, त्यामागे बिल यांच्या पिण्याचा वाटा असावा असे नंतर लोइस यांना कळले. १९३२ मध्ये काही गुंतवणूकदारांनी विल्सन यांना मोठी संधी दिली. अट एकच, पुन्हा प्यायचे नाही. कामानिमित्त न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात मुक्काम असताना सफरचंदाच्या गावठी दारूची बाटली फिरली, त्यांनी दोनदा नकार दिला, नंतर एकच घोट म्हणून घेतली. तीन दिवस ते शुद्धीवर नव्हते आणि करार गेला.

डॉक्टरांनी त्यांना काय सांगितले?

मेहुण्याने खर्च उचलला आणि १९३३-३४ मध्ये विल्सन न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये वारंवार दाखल झाले. तिथले डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी हजारो व्यसनी रुग्ण पाहिले होते. तो काळ दारुड्याला निर्लज्ज आणि इच्छाशक्ती नसलेला मानण्याचा होता. सिल्कवर्थ यांचे म्हणणे वेगळे होते. अशा माणसाच्या शरीराला दारूचे जणू वावडे असते, त्यामुळे पहिला घोट घेतल्यावर थांबणे त्याच्या हातात राहत नाही आणि मनाला मात्र त्या पहिल्या घोटाचाच ध्यास लागलेला असतो. ‘वावडे’ ही उपमा पुढच्या विज्ञानाने शब्दशः स्वीकारली नाही. पण हा आजार आहे, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली मान्य केले. विल्सन यांना ते वीस वर्षे आधी ऐकायला मिळाले. ऐकून बरे वाटले, पण दारू सुटली नाही.

नोव्हेंबर १९३४ मध्ये जुना पिणारा मित्र एबी थॅचर घरी आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर विल्सन यांनी जिन पुढे केली, तर एबीने नाही म्हटले. तो ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीत गेला होता. तिथे लोक एकमेकांसमोर आपल्या चुका कबूल करत, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करत, प्रार्थना करत. विल्सन यांना देवाधर्माचे वावडे होते. पण समोर बसलेला माणूस आपल्याइतकाच बुडालेला होता आणि तो पीत नव्हता, हे दिसत होते.

११ डिसेंबर १९३४ रोजी विल्सन पुन्हा टाउन्समध्ये दाखल झाले. तो त्यांचा दारूचा शेवटचा दिवस ठरला. दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांत खोलीत लख्ख पांढरा प्रकाश भरला आणि विलक्षण शांतता वाटली, असा अनुभव त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. त्या वेळी तिथे धोतऱ्याच्या कुळातल्या बेलाडोना या वनस्पतीचे औषध दिले जाई आणि त्याने भास होऊ शकतात, याकडे टीकाकार बोट दाखवतात. खुद्द विल्सन यांनाही आपण वेडे तर झालो नाही ना, अशी शंका आली होती. सिल्कवर्थ यांनी त्यांना धीर दिला आणि जे काही झाले ते सोडू नका असे सुचवले.

ॲक्रनमध्ये काय घडले?

बाहेर आल्यावर विल्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना सुधारण्याचा धडाकाच लावला. रुग्णालयांत, ऑक्सफर्ड ग्रुपच्या केंद्रावर, अगदी घरी आणूनही. पाच महिन्यांत एकाचीही दारू सुटली नाही. निराश झालेल्या नवऱ्याला लोइस यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. या साऱ्या खटपटीत निदान तो स्वतः तरी पीत नव्हता. आणि सिल्कवर्थ यांनी त्यांना प्रवचन थांबवायला सांगितले. पांढऱ्या प्रकाशाच्या गोष्टीने माणसे पळतात, आधी आजार काय आहे ते सांगा, असा तो सल्ला होता.

मे १९३५ मध्ये विल्सन ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात आले. रबर उद्योगाची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीचा ताबा मिळवण्यासाठी भागधारकांच्या मतांची लढाई चालू होती. ती ते हरले. सहकारी न्यूयॉर्कला परतले, विल्सन एकटे मागे राहिले. ११ मे, शनिवारची दुपार. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात एका टोकाला बार होता. तिथून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. आत जाऊन नुसते सोडा-पाणी घ्यावे, कोणाशी तरी दोन शब्द बोलावेत, असे त्यांच्या मनात आले. त्या विचाराने ते घाबरले. हा विचार कुठे नेतो हे त्यांना ठाऊक होते.

दुसऱ्या टोकाला सार्वजनिक टेलिफोन होता आणि शेजारी शहरातल्या चर्चची यादी लावलेली होती. त्यांनी यादीतले एक नाव निवडले आणि वॉल्टर टंक्स या धर्मगुरूंना फोन लावला. बोलण्याला मागचापुढचा संदर्भ नव्हता. मी न्यूयॉर्कचा दारुडा आहे, मला प्यायचे नाही, म्हणून मला इथला एक दारुडा भेटवा, अशी ती विचित्र मागणी होती. धर्मगुरूंनी फोन ठेवला नाही, काही नावे दिली. विल्सन एकेक नंबर फिरवत गेले. कोणी घरी नव्हते, कोणाला वेळ नव्हता. शेवटी एका नावावरून हेन्रिएटा सायबरलिंग यांच्याकडे बोट दाखवले गेले. गुडइयर टायर कंपनीच्या संस्थापकांची ही सून. त्या स्वतः पीत नव्हत्या, पण ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये होत्या आणि एका डॉक्टरसाठी दोन वर्षे खटपट करत होत्या.

डॉ. रॉबर्ट स्मिथ हे ॲक्रनमधले शल्यचिकित्सक. जन्म १८७९ चा, तेही व्हरमाँटचेच. हेन्रिएटा यांनी लगेच त्यांच्या घरी फोन केला. डॉक्टर मात्र त्या दिवशी येण्याच्या स्थितीत नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या ‘मदर्स डे’साठी पत्नी ॲन यांना कुंडीतले रोप आणले होते आणि ते ठेवून स्वतः आडवे झाले होते. भेट रविवारी संध्याकाळी पाचला ठरली. डॉक्टर हातापायांना कंप सुटलेल्या अवस्थेत आले आणि पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असे बजावूनच आले. अकरा वाजून गेले तरी दोघे बोलत होते.

विल्सन यांनी या वेळी उपदेश केला नाही. आपण किती प्यायलो, कसे लपवले, काय गमावले, डॉक्टरने काय सांगितले, एवढेच सांगितले. डॉ. स्मिथ यांना दारूच्या दुष्परिणामांबद्दल नवे काही सांगण्यासारखे नव्हते, ते स्वतःच वैद्य होते. बायबल त्यांनी वाचले होते, ऑक्सफर्ड ग्रुपच्या सभांना ते जात होते. आपल्याच अनुभवातून बोलणारा, आणि बोलण्याची गरज ज्याला स्वतःला आहे असा माणूस त्यांना तोवर भेटलेला नव्हता. मदत करणारा वरच्या पायरीवर नाही, हा त्या संध्याकाळचा खरा नवेपणा होता. ‘एए’च्या कोणत्याही बैठकीत आजही हेच चालते.

विल्सन उन्हाळाभर स्मिथ यांच्याच घरी राहिले. मधे डॉक्टर वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले आणि गाडीतच प्यायले. परतल्यावर त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. ते स्थिर व्हावेत म्हणून विल्सन यांनी सकाळी त्यांना बिअरची बाटली दिली. ती त्यांची शेवटची. तो दिवस १० जून १९३५ चा मानला जातो आणि ‘एए’चा स्थापना दिन म्हणून जगभर पाळला जातो. तारखेबद्दल इतिहासकारांत थोडा वाद आहे. शेवटच्या पेल्याला पाळण्याची संघटना मात्र ही बहुधा एकटीच असेल.

बैठकीला आजचे रूप कसे आले?

दोघांनी ॲक्रनच्या रुग्णालयात जाऊन तिसरा माणूस शोधला. बिल डॉट्सन या वकिलाला परिचारिकांवर हात उगारल्याने खाटेला बांधून ठेवले होते. जुलैच्या सुरुवातीला तो घरी गेला आणि पुन्हा प्यायला नाही. ॲक्रनला एका ऑक्सफर्ड ग्रुपवाल्या दांपत्याच्या घरी बुधवारी, तर न्यूयॉर्कला विल्सन यांच्या घरी मंगळवारी माणसे जमू लागली. लोइस दिवसभर दुकानात राबून आल्यावर या मंडळींसाठी स्वयंपाक करीत. अनेक जण महिनोन्महिने घरातच राहत. १९३७ च्या अखेरीस दोघांनी बसून मोजदाद केली तेव्हा दोन्ही शहरांत मिळून सुमारे चाळीस माणसे टिकली होती.

ही गोष्ट तोंडोतोंडी पसरायला वर्षे लागली असती आणि वाटेत तिचे रूपही बदलले असते. म्हणून पुस्तक लिहायचे ठरले. बारा पायऱ्यांचा मसुदा विल्सन यांनी १९३८ मध्ये क्लिंटन स्ट्रीटच्या घरात केला. देवाच्या उल्लेखावरून न्यूयॉर्कच्या गटात भांडणे झाली. श्रद्धाळूंना तो अधिक हवा होता, नास्तिकांना मुळीच नको होता. तडजोडीत ज्याला जसा उमगेल तसा देव, अशी मोकळीक पायऱ्यांतच घातली गेली. ही तडजोड नसती तर बैठक ख्रिस्ती लोकांपुरती राहिली असती. एप्रिल १९३९ मध्ये ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हे पुस्तक निघाले आणि त्यावरूनच संघटनेला नाव मिळाले. त्या नावाने भरलेली पहिली बैठक मे १९३९ मध्ये क्लीव्हलँडची.

पुस्तक खपेना. रेडिओवर एका सदस्याची मुलाखत ठरली, तेव्हा तो त्याआधी प्यायला तर पंचाईत, म्हणून त्याला काही दिवस अक्षरशः पहाऱ्यात ठेवले. हजारो डॉक्टरांना पोस्टकार्डे पाठवली. उत्तरे बारा आली आणि पुस्तकाची मागणी त्यातल्या दोनच कार्डांवर होती. त्याच महिन्यात विल्सन दांपत्याचे घर कर्जापायी गेले. पुढची दोन वर्षे त्यांनी ओळखीपाळखीच्या पन्नासहून अधिक ठिकाणी मुक्काम केला.

दूरच्या गावातल्या माणसाला बैठक सापडायची कशी?

खरी अडचण ही होती. न्यूयॉर्क आणि ॲक्रनच्या बाहेर कोणाला मदत हवी तर त्याने जायचे कुठे? सुरुवातीचे उत्तर एका टपालपेटीत होते. न्यूयॉर्कच्या टपाल कार्यालयातला पेटी क्रमांक पुस्तकात दिला होता. आलेल्या पत्रांना रूथ हॉक या सचिव उत्तरे लिहीत.

१९३९ च्या शरद ऋतूत क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’ या दैनिकाने लेखमाला छापली आणि त्या शहरातले मूठभर सदस्य फोनच्या भडिमाराखाली आले. दारू सोडून काही आठवडेच झालेल्या सदस्यांनाही नव्या माणसांच्या घरी पाठवावे लागले. जुन्याने नव्याचा हात धरायचा, ही ‘स्पॉन्सर’ची रीत या गडबडीतच पक्की झाली. मग १ मार्च १९४१ रोजी ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या खपाच्या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला. लेखक पत्रकार होते, सुरुवातीला या मंडळींवर संशय घेणारे. लेखानंतर पत्रांचे ढीग लागले आणि वर्षभरात सदस्यसंख्या सुमारे दोन हजारांवरून आठ हजारांवर गेली.

ही वाढ हाताळली गेली ती अगदी घरगुती पद्धतीने. पत्र ज्या भागातून आले असेल, त्याच्या जवळच्या गटाकडे ते पाठवले जाई. जवळ गटच नसेल तर त्या बाजूला जाणारा फिरता विक्रेता शोधला जाई. सदस्यांत विक्रेते बरेच होते. तो आपल्या मालाच्या नमुन्यांबरोबर नावांची यादी घेऊन निघे, दिवसा माल विकी आणि संध्याकाळी यादीतले दार ठोठावी. दोघेतिघे जमले की तिथे गट सुरू होई. अगदी एकटे पडलेल्यांसाठी, म्हणजे दुर्गम वस्त्यांत आणि जहाजांवर असणाऱ्यांसाठी, पत्रांतूनच बैठक चाले. पुढे शहरोशहरी सदस्यांनी वर्गणीतून फोन घेतले आणि बैठकांच्या छापील याद्या निघाल्या.

दोन-तीन जणांनी जमून गट काढावा, वरून परवानगी लागू नये, हा मोकळेपणा विल्सन यांनी पुढे नियमांतच बसवला. १९४६ मध्ये मांडलेल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारलेल्या बारा परंपरांनुसार सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. गट आपला कारभार आपण पाहतो, खर्च आपल्याच वर्गणीतून भागवतो, बाहेरची देणगी घेत नाही. वृत्तपत्रे, रेडिओ, चित्रपट यांत सदस्याने नाव उघड करायचे नाही. यातला पैशाचा धडा जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडून मिळाला. विल्सन मोठी रुग्णालये काढायची स्वप्ने घेऊन गेले होते. रॉकफेलर यांनी पाच हजार डॉलर दिले आणि जास्त पैसा या चळवळीला नासवेल, असे मत कळवले. तेव्हा विल्सन हिरमुसले, नंतर तेच त्यांचे धोरण झाले.

विल्सन यांच्यावर आक्षेप कोणते?

पुष्कळ आणि त्यातले काही रास्त. डॉ. स्मिथ १९५० मध्ये वारले. लोइस यांनी १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ उभे केले. त्या जन्मभर नवऱ्याबरोबर राहिल्या, पण नवरा एकनिष्ठ नव्हता. एका मैत्रिणीला विल्सन यांनी पुस्तकाच्या मानधनातला वाटाही मृत्युपत्राने ठेवला. चाळिशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळपास दहा वर्षे त्यांना तीव्र नैराश्य होते. नशामुक्तीच्या चळवळीचा प्रणेता अंथरुणातून उठू शकत नाही, हे अनेक सदस्यांना पचले नाही. १९५६ पासून त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडी घेऊन पाहिले. ते तेव्हा कायदेशीर होते, तरी संघटनेत खळबळ उडाली. नंतर नियासिन या जीवनसत्त्वाचा ते प्रचार करू लागले आणि संघटनेने आपले नाव त्यापासून लांब ठेवले.

सिगारेट मात्र त्यांना कधीच सुटली नाही. फुप्फुसाच्या आजाराने श्वास कोंडू लागला. १९७० च्या जुलैत मियामीच्या अधिवेशनात ते प्राणवायूच्या आधाराने काही मिनिटेच बोलले. अखेरच्या आठवड्यांत त्यांनी काही वेळा व्हिस्की मागितली, असे शुश्रूषा करणाऱ्यांच्या नोंदींवरून चरित्रकारांनी पुढे आणले. ती दिली गेली नाही. शेवटच्या पेल्याला तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले. तोवर जगासाठी ते ‘बिल डब्ल्यू.’ होते. पूर्ण नाव वृत्तपत्रांत छापून आले ते मृत्युलेखात. १९५४ मध्ये येल विद्यापीठाची मानद पदवी त्यांनी याच निनावीपणासाठी नाकारली होती. ईस्ट डॉर्सेटमधल्या त्यांच्या थडग्यावर ‘एए’चा उल्लेखही नाही.

या बैठकांचा उपयोग होतो का?

निनावी संघटनेचा अभ्यास करणे अवघड, त्यामुळे बरीच वर्षे भक्कम पुरावा नव्हता. २०२० मध्ये ‘कॉक्रेन’ या प्रतिष्ठित आढाव्याने सत्तावीस अभ्यास, म्हणजे दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली. ‘एए’कडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार दारूपासून सलग दूर राहण्यात इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरले. तरी हे सर्वांनाच मानवत नाही. प्रार्थनेचा सूर अनेकांना खटकतो, काहींना औषधोपचार आणि समुपदेशन अधिक लागू पडते. पहिल्या बैठकीतून निघून जाणारे पुष्कळ असतात. जुने सदस्य म्हणूनच नव्याला चार-सहा वेगवेगळ्या बैठकांना जाऊन पाहायला सांगतात, कारण प्रत्येक खोलीचा स्वभाव वेगळा असतो.

महाराष्ट्रात बैठक कशी शोधायची?

भारतात ‘एए’ मुंबईत १९५७ साली रुजली. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती, म्हणजे विल्सन यांच्या न्यूयॉर्कसारखीच स्थिती. आज मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि लहान शहरांतही गट आहेत, गोव्यातही आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोकणी अशी बैठकीची भाषा वेगवेगळी असते. जवळची बैठक शोधण्यासाठी संघटनेची हेल्पलाइन, संकेतस्थळावरील यादी किंवा व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक हे सोपे मार्ग. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांचे स्वतःचे पाठपुरावा गटही आहेत. फोनवर एवढेच विचारावे: बैठक कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या भाषेत, आणि खुली की बंद? बंद बैठकीला फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांनीच जायचे असते. खुल्या बैठकीला बायको, आई, भाऊ, कोणीही सोबत येऊ शकते. कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’चे गट वेगळे.

बैठक साधारण तास-दीड तासाची. खुर्च्या, चहा, भिंतीवर पायऱ्यांचा तक्ता. एकेक जण पहिले नाव सांगून आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात, मधे कोणी सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी काहीच बोलले नाही तरी चालते. शेवटी वर्गणीची पेटी फिरते. नवख्याने त्यात काही टाकले नाही तरी कोणी पाहत नाही. निघताना कोणी तरी आपला फोन नंबर हातात देतो. तो ठेवावा, कारण बैठक आठवड्यातून एक-दोनदा असते आणि पिण्याची ओढ मध्येच कधी तरी, बहुतेक वेळा रात्री येते.

एक सावधगिरी मात्र बैठकीच्या आधीची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी अचानक दारू बंद केली तर फिट येणे, भास होणे, क्वचित जीवावर बेतणे असे घडू शकते. विल्सन यांची शेवटची दारू रुग्णालयात सुटली होती, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क हेल्पलाइन क्रमांक आहे.